फिल्म स्कूलची फॅट

हे प्रोसिडिंग सभा झाल्यानंतर लिहिले जात आहे, याबद्दल सचिव या नात्याने मी सुरुवातीलाच दिलगिरी व्यक्त करतो. एकतीस वर्षांच्या सेवेत असा प्रसंग पहिलाच. हातकणंगले तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध संस्थेत प्रोसिडिंग नेहमी सभेच्या आदल्या दिवशी तयार असतं. ठराव कुणी मांडला, अनुमोदन कुणी दिलं, टाळ्या कुठे पडल्या, सगळं त्यात असतं. यात लबाडी नाही, सोय आहे. सभेनंतर तांबडा-पांढरा रस्सा असतो आणि तो ओरपलेल्या माणसाच्या हातून शुद्ध मराठी उतरत नाही. शिवाय आधी लिहिलेलं असलं की सभेत आपण काय बोललो हे सभासदांना वेळेवर कळतं. गावात लोक मला रस्त्यात थांबवून विचारतात, "तात्या, उद्याच्या सभेत काय झालं?" आणि मी सांगतो.

आत्ता चार वाजून दहा मिनिटं झाली आहेत. सभासद जेवायला बसले आहेत. पाच वाजता माझी पुतणी तेजस्वी हिची फिल्म स्कूलमधली जागा जाणार आहे. त्यामुळे थोडं भरभर लिहितो.

नऊ जूनला तिला फिल्म स्कूलकडून मेल आला. ध्वनी विभागात दहा जागा, देशभरातून अर्ज बाराशे, आणि दहांतली एक जागा हिची. निवडीसाठी तिनं आमच्या संस्थेतल्या दूध संकलनाचं चार मिनिटांचं ध्वनिमुद्रण पाठवलं होतं. त्यात चित्र नव्हतं. किटल्यांची झाकणं, फॅट मशीनचा पीं, आणि "कालच्यापेक्षा दोन पॉइंट कमी कशी लागली?" हा सभासदांचा नेहमीचा प्रश्न. ते ऐकून परीक्षक म्हणे बराच वेळ गप्प बसले. आमचे सभासद तो प्रश्न विचारतात तेव्हा मीही गप्पच बसतो, पण मला कुणी परीक्षक केलं नाही.

तिचा बाप म्हणजे माझा धाकटा भाऊ बाळासो, संस्थेचा चेअरमन. त्यानं मेल दोनदा वाचून घेतला.

"आवाजाचं शिक्षण?" तो म्हणाला. "आपल्या घरात आवाज कमी पडतोय व्हय?"

बाळासो वाईट माणूस नाही. पोरीवर त्याचा जीव आहे. पण चौदा वर्षं चेअरमन राहिल्यामुळे ठरावाशिवाय काही ठरवायची त्याची सवय गेली आहे. भात करायचा की भाकरी असं बायकोनं विचारलं, तरी तो आधी इकडेतिकडे बघून गणपूर्ती आहे का ते पाहतो. तीन वर्षांचा खर्च होता अकरा लाख चाळीस हजार. पैसे होते. हे मुद्दाम नोंदवतो, म्हणजे आम्हाला गरीब समजून कुणी हळहळायला नको. पहिला हप्ता तीस जूनच्या पाच वाजेपर्यंत बाळासोच्या खात्यातून ऑनलाइन जायचा होता. त्यासाठी त्याच्या मोबाइलवर ओटीपी येणार आणि ते सहा आकडे त्यानं पोरीला वाचून दाखवायचे. एवढंच काम होतं. ते टाळण्यासाठी समिती नेमण्यात आली.

समितीचं नाव 'फिल्म स्कूल खर्च व मूल्य पडताळणी समिती'. अध्यक्ष बाळासो, सचिव मी. महिला प्रतिनिधी म्हणून आमची आत्या तानाबाई, जी संस्थेत राखीव जागेवर संचालिका आहे आणि सही कुठे करायची एवढंच विचारते. तज्ज्ञ म्हणून सयाजी. पंधरा वर्षांपूर्वी कोल्हापुरात शूटिंग चाललं होतं तेव्हा सयाजी गर्दीत उभा होता. त्या सिनेमात त्याचं कोपर दिसतं. तेव्हापासून तो शर्टाच्या बाह्या दुमडूनच हिंडतो, जाणकारांची सोय व्हावी म्हणून.

पहिल्या बैठकीत खर्च पंधरा मिनिटांत पडताळून झाला, कारण तो छापील होता. अकरा लाख चाळीस हजार म्हणजे चांगल्या नऊ म्हशी, असं बाळासोनं बसल्या जागी सांगितलं. मूल्याला मात्र अडचण आली. तीन वर्षांनी तुला येणार काय, असं तेजस्वीला विचारण्यात आलं. ती म्हणाली, "ऐकायला." मी मूल्याच्या रकान्यात लिहिलं : ऐकणे. दर : बाजारभाव उपलब्ध नाही.

"दुधाचा दर फॅटवर ठरतो," सयाजी म्हणाला. "शाळंची बी फॅट काढली पाहिजे. आन् फॅट काढायची तर आधी नमुना घ्यावा लागतोय."

यात चूक काही नव्हती. अख्खी किटली ओतून घ्यायच्या आधी आम्हीही चमचाभर दूधच तपासतो. फिल्म स्कूलचा चमचाभर नमुना म्हणजे काय, यावर दुसरी बैठक झाली. प्रवेश घेतल्यावर मिळणाऱ्या गोष्टींपैकी सगळ्यात आधी काय मिळतं, तर फ्लेक्स. म्हणून पैसे न भरता फक्त फ्लेक्स लावून बघावा असं एकमतानं ठरलं.

फ्लेक्स वीस बाय दहाचा झाला. 'गावची कन्या निघाली फिल्म स्कूलला' अशी ओळ, खाली संस्थेचं नाव आणि बेचाळीस शुभेच्छुकांचे फोटो. सयाजीचा फोटो कोपरासह घ्यावा लागल्यामुळे दोघांची जागा गेली. तेजस्वीचा फोटो जागेअभावी घेता आला नाही. एक प्रत गावात आणि एक कोल्हापूरला दसरा चौकात लागली.

नमुन्याचा निकाल आठवड्यात आला. शेजारच्या दोन गावांतले उत्पादक आपलं दूध आमच्याकडे घालू लागले, कारण आमच्या संस्थेत सिनेमातले लोक आहेत असा त्यांचा समज झाला. संकलन रोज तीनशे चाळीस लिटरनं वाढलं. बाळासोच्या हस्ते तीन उद्घाटनं झाली, त्यातलं एक आधीच चालू असलेल्या दवाखान्याचं. सयाजीला नृत्यस्पर्धेत परीक्षक म्हणून बोलावणं आलं. कुरुंदवाडहून एक चांगलं स्थळ चालून आलं. पावणं भली माणसं होती. त्यांचं म्हणणं एवढंच, की मुलगी फिल्म स्कूलमध्ये शिकलेली हवी, पण शिकायला गेलेली नको.

दुधाचा नमुना एकदाच घेतला तर सभासद तक्रार करतात, म्हणून दुसरा घेतला. 'प्रथम वर्ष विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण.' हा फ्लेक्स अठरा जूनला लागला. तेजस्वीनं घरी भांडण काढलं. ती म्हणाली, मी अजून बॅगसुद्धा भरली नाही. तिला समजावण्यात आलं की गावासमोर नापास झाल्याचं सांगायचं असेल तर तिची मर्जी. चोवीस जूनला तिसऱ्या नमुन्यात तिला पदवी मिळाली. सत्कार झाला. शाल आणि नारळ तिच्या हातात देऊन फोटो काढला आणि मग तो नारळ पुढच्या सत्काराला लागणार म्हणून परत घेण्यात आला.

तोवर ही पद्धत बाहेर पसरली होती. चंदगडहून एक गृहस्थ भर पावसात एसटीनं आले, काजूची पिशवी घेऊन. त्यांच्या राजवीरला मेडिकलला नंबर लागला नव्हता. त्याचाही नमुना घेऊन बघावा, अशी त्यांची विनंती होती. समितीनं फ्लेक्सला मंजुरी दिली. शुक्रवारी त्या मुलाकडे दोन पेशंट आले आणि त्यातला एक बरा झाला. दुसरा पेशंट नुसता फ्लेक्स वाचूनच घरी गेला. मी हे चेष्टेनं लिहीत नाही, नोंद आहे.

अठ्ठावीस जूनच्या बैठकीत सयाजीनं अहवाल मांडला. फिल्म स्कूलच्या एकूण मूल्यापैकी नव्वद टक्के मूल्य, म्हणजे नाव, मान, संकलन आणि स्थळ, पदरात पडलेलं आहे आणि त्याचा खर्च तीन फ्लेक्स. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी, म्हणजे त्या 'ऐकण्या'साठी, नऊ म्हशींचा खर्च आहे. बरं, पदवी मिळालेली मुलगी आता पहिल्या वर्षाला जाऊन बसली तर लोक काय म्हणतील, हाही प्रश्न होताच.

"आन् पोरगी गेली की मूल्य बी तिच्यासंगं जाणार," सयाजी म्हणाला. "ते आता संस्थेचं हाय. फ्लेक्सवर नाव हाय आपलं."

मूल्य संस्थेचं ठरल्यामुळे विषय घरातून उठून संस्थेच्या सभेत गेला. तीस जूनची सभा आधीच लागलेली होती. त्यात विषय क्रमांक सात, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.

एकोणतीसला तेजस्वी माझ्याकडे आली. ही पोर लहानपणी माझ्या टेबलाखाली बसून फॅट मशीनचे पीं मोजायची आणि कुणाचं दूध पाणीदार आहे ते आवाजावरून सांगायची. निम्म्या वेळा बरोबर असायची. मला स्वतःची मुलं नाहीत, पण तिच्यामुळे ते फारसं जाणवलं नाही.

"तात्या, उद्या काय ठरलं?" तिनं विचारलं.

मी खरं ते सांगितलं. बाळासोला विचारलं तर तो म्हणतो समिती ठरवेल, आणि समितीला विचारलं तर ती म्हणते अध्यक्ष ठरवतील. मजकूर मात्र सयाजीनं सांगितलाय आणि मी उतरवून घेतलाय : 'फिल्म स्कूलचे मूल्य प्राप्त झाले असल्याने प्रत्यक्ष जाण्याचा खर्च टाळण्यात यावा.' फक्त विरोधाची ओळ मी कोरी ठेवली होती. एकतीस वर्षांत कोरी ओळ मी प्रथमच ठेवली.

"मग तिथं माझं नाव लिहा की."

"तू सभासद नाहीस, बाळ."

ती म्हणाली की असू दे, मी त्यांना ऐकवीन.

आजची सभा दोन वाजता होती. गणपूर्ती झाली नाही, म्हणून अर्धा तास तहकूब केली. अर्ध्या तासानं तेवढीच माणसं होती, पण तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, त्यामुळे सभेत दम आला. विषय एक ते सहा माझ्या प्रोसिडिंगप्रमाणे पार पडले. सहाव्या विषयाला टाळ्या लिहिल्या होत्या, त्या लोक विसरले. मी खुणावल्यावर पडल्या. मग बाळासोनं विषय सात वाचला. वाचताना त्यानं पोरीकडे बघितलं नाही. शेवटी नियमाप्रमाणे विचारलं, "कुणाचा इरोध?"

आमच्या पोटनियमात या प्रश्नाला एक मिनिट दिलेलं आहे. मिनिटात आवाज आला नाही तर विरोध नाही असं धरायचं.

नेमकी तेव्हाच तेजस्वी उठली. हातात रेकॉर्डर, गळ्यात हेडफोन. ती म्हणाली, "मी काय शिकायला जाणार हाय ते तुमाला दाखवतो. एकच मिनिट द्या. कुणी काय बोलू नका."

एक मिनिट न बोलणं आमच्या गावाला एकाच कारणासाठी माहीत आहे. सगळी सभा उभी राहिली. टोप्या उतरल्या, माना खाली गेल्या. सयाजीनं दुमडलेल्या बाह्या खाली सोडल्या. आत्यानं पदर डोळ्याला लावला. आचाऱ्यानंसुद्धा पळी बाजूला ठेवली. असली कडक शांतता संस्थेच्या इतिहासात झाली नव्हती. साठ सेकंद कुणी हूं की चूं केलं नाही, आणि मी घड्याळाकडे बघत होतो.

मिनिट झाल्यावर आत्यानं विचारलं, "पर गेलं कोण?"

तेजस्वीनं रेकॉर्डर स्पीकरला जोडला आणि तीच शांतता मोठ्या आवाजात आम्हाला परत ऐकवली. मी तुम्हाला कसं सांगू. आधी पंखा होता. मग तापलेला पत्रा टक् टक् करतो तो आवाज. बाहेर बांधलेल्या म्हशीची साखळी. आत्याचा हुंदका, पातेल्यात उकळणारा रस्सा, बाळासोच्या पोटातली गुरगुर. मागे खांबाजवळ तेजस्वीची आई संयोगिता उभी होती, तिच्या बांगड्या वाजल्या, दोन, आणि थांबून एक. तिची बांगडी तशी वाजते तेव्हा ती डोळे पुसत असते, हे बाळासोला बावीस वर्षांत कळलं नव्हतं. ते त्याला आत्ता कळलं. त्यानं मान वर करून खांबाकडे बघितलं. सभेतले चारदोन लोक रडायला लागले, आणि कुणीतरी मागून लई भारी म्हणालं.

पण या सगळ्याच्या मधून आणखी एक आवाज येत होता. बारीक, कर्र कर्र.

"उंदीर हाय," सयाजी म्हणाला.

"उंदीर न्हाय," तेजस्वी म्हणाली. "तात्यांचं पेन हाय. तात्या, काय लिवलं?"

मला वाचून दाखवावं लागलं. विरोध : निरंक. ठराव सर्वानुमते मंजूर.

मला लाज वाटली. एकतीस वर्षांत माझ्या पेनाचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी समजत होतो पेनाला आवाज नसतो.

मग संयोगिता पुढे आली. म्हणाली, "माझा इरोध हाय, भावजी. लिवा."

मी पेन टेकवलं आणि थांबलो. घरातल्या सातही म्हशींच्या धारा ती काढते, पण म्हशी बाळासोच्या नावावर आहेत, म्हणून सभासद बाळासो. असभासदाचा विरोध लिहायला रकानाच नाही. मी बाळासोकडे बघितलं. बाळासोनं सयाजीकडे बघितलं. सयाजी म्हणाला की पोरीनं काम लई भारी केलंय, डोळ्यात पाणी आणलं, अभिनंदनाचा ठराव घ्या, आणि हे न शिकता येत असेल तर शिकायला जायचंच कशाला. यावर टाळ्या पडल्या. या टाळ्या मी लिहिलेल्या नव्हत्या. आत्यानं सही कुठे करायची ते विचारून सही केली. तेवढ्यात आचाऱ्यानं पानं वाढल्याचं सांगितलं आणि सभागृह रिकामं झालं.

मी प्रोसिडिंग बुक घेऊन इथेच बसलोय. पान फाडता येत नाही, पानांवर ऑडिटरचे आकडे आहेत. पण एक मार्ग मला दिसला आहे. आभाराची ओळ लिहिल्याशिवाय सभा संपत नाही, आणि आभार मी अजून लिहिलेले नाहीत. म्हणजे सभा चालू आहे. चालू सभेत एका, फक्त एका सभासदानं तोंडानं विरोध नोंदवला तर विषय फेरविचाराला येतो. बाळासो पलीकडे पंगतीत वाढतोय, मोबाइल त्याच्या वरच्या खिशात आहे. मी त्याला विचारून आलो. तो म्हणाला, "एक जरी माणूस न्हाय म्हणला ना तात्या, तर मी आत्ता आकडे वाचून दावतो. पर कुणीतरी म्हणाय पायजे." त्याचा हात रश्श्यानं भरलेला होता आणि डोळेही भरलेले होते. मी पंगतीत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत विचारत गेलो. सगळ्यांचं मत पोरीनं जावं असंच आहे. पण तोंडात घास असताना बोलू नये, असंही सगळ्यांचं मत आहे. सचिव म्हणजे पगारी नोकर, मला मत नाही.

चार वाजून सत्तावन्न मिनिटं. तेव्हा आता तुम्हीच.

इथपर्यंत वाचलंत, म्हणजे तुम्हाला विषयाची माहिती आहे, जी सभासदांपैकी अर्ध्यांना नाही. तुमच्या नावे एक शेअर मी माझ्या खिशातून भरला आहे, पावती वहीत आहे. तुम्ही आता रीतसर सभासद आहात. तेजस्वी दारात किटलीवर बसली आहे, मोबाइलवर फी भरायचं पान उघडून. तिनं हेडफोन कानाला लावलाय आणि माइक तुमच्या दिशेनं धरलाय. मनातल्या मनातला विरोध वहीत घेता येत नाही. मोठ्यानं म्हणायचं आहे, एकच शब्द. शेजारी कुणी बसलं असेल तर ते बघतील, तेवढं सोसा.

विषय क्रमांक सात. कुणाचा विरोध?

एक मिनिट थांबतो.

मिनिट झालं. तेजस्वीनं हेडफोन काढून माझ्या कानाला लावला. मी ऐकलं. तुमचा श्वास आहे, चांगला संथ. मधे एकदा तुम्ही हसलात. आणि शेवटी एक बारीक आवाज आहे. उंदीर नाही. पान उलटल्याचा आहे.

विरोध : निरंक. ठराव सर्वानुमते कायम. उपस्थितांचे आभार, जेवून जावे.